फाल्गुनात तलाव उतरतो तेव्हा: काठच्या गावात नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या पट्ट्यातल्या तलावाकाठच्या गावात तुमची बदली झाली असेल, लग्न होऊन तुम्ही इथं नांदायला आल्या असाल किंवा शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या घरी परतला असाल, तर माघ संपून फाल्गुन लागतो तो काळ गाव समजून घ्यायला सगळ्यात चांगला. थंड मुलखात या दिवसांत तलावावरचा बर्फ फुटतो आणि पाणी चढू लागतं. आपल्याकडं उलटं आहे. तलाव पावसाळ्यात भरतो, हिवाळाभर तुडुंब दिसतो आणि पळस फुलला की उतरायला लागतो. पाणी भरपूर असतं तोवर कुणी कुणाला काही विचारत नाही. ते कमी व्हायला लागलं की शेतकरी, ढिवर (मासेमारी करणारा समाज), गुराखी, धुणं घेऊन येणाऱ्या बायका, सगळ्यांचा हिशेब सुरू होतो. नव्या माणसानं या हिशेबात आपलं पाऊल कुठं पडतंय हे पाहून चालावं. खाली सांगितलंय ते त्यासाठीच.

आधी पाळीवर चढा

गावात आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच सकाळी तलावाच्या पाळीवर एक फेरी मारा. पाळ म्हणजे मातीचा बांध. तुम्ही ज्याला निसर्गाचा तलाव समजता तो बहुतेक वेळा माणसांनी बांधलेला असतो. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून हे तलाव बांधले. जमिनीचा उतार पाहून, दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरून, बैल आणि टोपल्यांच्या बळावर. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हा त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला तलाव. तो कोलू पाटील कोहळींनी बांधला असं मानतात. मालगुजारीच्या काळात तलावांची देखभाल मालगुजाराकडं, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराकडं, होती. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत.

पाळीवरून चालताना तीन जागा ओळखून ठेवा. एक, सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायची जागा. आता ती कोरडी असेल, पण तिच्या उंचीवरून पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते कळतं. भाड्यानं घर घेताना ही उंची डोक्यात असू द्या. दोन, पाणी सोडायचं दार. जुनी माणसं त्याला तुडूम म्हणतात, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी गेट बसलंय. तीन, तिथून निघणारा पाट आणि त्याच्या खालच्या बांध्या. आपल्याकडं धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. तलाव कुणासाठी बांधला याचं उत्तर पाळीच्या या बाजूला आहे.

पाळीवर कुणी ना कुणी भेटेलच. "रामराम जी" म्हणा. समोरून प्रश्न येईल, "कोणाकडं आले जी?" याचं उत्तर सरळ द्या: कुणाच्या घरी राहता, काय काम करता, गाव कोणतं. ही चौकशी भोचकपणा नाही. तलावावर अनोळखी माणूस कशाला आला हे गावाला माहीत असावं लागतं. वडीलधाऱ्यांना काकाजी, मामाजी म्हणा. बायकांना बाई किंवा ताई चालतं. एकदा ओळख झाली की पुढची निम्मी माहिती तुम्हाला न विचारता मिळेल.

काठावर एक काडी रोवा

आज पाणी जिथं टेकलंय तिथं बांबूची काडी रोवा. आठ दिवसांनी पुन्हा जा. मध्ये किती हात चिखल उघडा पडला ते पाहा. उथळ बाजूला पाणी झपाट्यानं मागं सरकतं, पाळीजवळच्या खोल बाजूला फारसा फरक दिसत नाही, म्हणून काडी उथळ बाजूला रोवा. ओल्या मातीवर पाण्यानं सोडलेल्या बारीक रेषा एकाखाली एक दिसतात. जवळून पाहिलं तर रेषांमधलं अंतर सारखं नसतं. गेट उघडं असेल त्या दिवसांतलं अंतर मोठं, नुसतं उन्हानं आटलं तेव्हाचं लहान. दोन आठवड्यांत तुम्हाला कुणी न सांगता कळेल की पाणी उन्हाळी धानाला सुटलंय की नाही.

हे शिकायला कष्ट नाहीत, आणि याचा उपयोग पुढं गावच्या आमसभेत (ग्रामसभेत) होतो. "यंदा पाणी लवकर उतरलं" असं सगळेच म्हणतात. काडी रोवलेला माणूस किती उतरलं ते सांगू शकतो.

पाणी कुणाचं, हे बोलण्याआधी ऐका

हा भाग नीट वाचा, कारण नवी माणसं अडखळतात ती इथंच.

तलावाच्या पाण्यावर एकाच वेळी चार-पाच जणांचा हक्क असतो. पाटाखालच्या शेतकऱ्याला उन्हाळी धानासाठी पाणी हवं असतं. माघात त्याची रोवणी झालेली असते आणि चैत्रापर्यंत बांधीत पाणी उभं राहिलं पाहिजे. ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्थेनं मासेमारीचा ठेका घेतलेला असतो. त्यांना वैशाखापर्यंत तलावात पुरेसं पाणी राहायला हवं, नाहीतर मासे वाढायच्या आधीच काढावे लागतात. गुराख्याला गुरं पाजायला उतार हवा. तलावाच्या पोटात, वरच्या उथळ भागात, काही जण गाळपेर करतात. पाणी हटलं की मोकळ्या झालेल्या ओलसर जमिनीत पीक घेतात. त्यांना पाणी लवकर उतरलेलंच बरं वाटतं. म्हणजे गेट एक दिवस जास्त उघडं राहिलं तर एकाचं भलं होतं आणि दुसऱ्याचं नुकसान.

पंप लावून रात्री पाणी उपसणं, गाळपेरीच्या नावाखाली तलावाच्या पोटात कायमचं अतिक्रमण करणं, ही भांडणं प्रत्येक तलावावर कमी-अधिक असतात. नवीन माणसाला दोन्ही बाजूंचे लोक चहाला बोलावतात. जा, ऐका, पण पहिल्या महिन्यात कुणाची बाजू घेऊ नका. आधी कागद पाहा. तलाठी कार्यालयात गावाचं निस्तार पत्रक असतं. सरकारी जमिनीवर गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, पाण्याचे कोणते हक्क आहेत याची ती नोंद आहे. वाजिब-उल-अर्ज नावाची दुसरी नोंद असते, तिच्यात रस्ते, पाणी, मासेमारी यांबाबतच्या जुन्या वहिवाटी लिहिलेल्या असतात. दोन्ही मागून वाचता येतात. गाव जंगलालगत असेल आणि २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा मंजूर झाला असेल, तर त्यातही पाणवठ्यातले मासे आणि इतर उपज यांच्यावरचा हक्क येऊ शकतो. गेटचं काम कुणाचं हेही विचारून ठेवा. १०० हेक्टरपेक्षा कमी सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडं असतात, मोठे पाटबंधारे खात्याकडं. तक्रार चुकीच्या दारात गेली की पाणी उतरून जातं तरी उत्तर येत नाही.

माझं मत विचाराल तर तलावात तळाशी थोडं पाणी राखून ठेवण्यावर गावानं अडून बसावं, धानाचा एक पट्टा कमी झाला तरी चालेल. ज्येष्ठात गुरं पाण्यावाचून हंबरतात तेव्हा धानाचं पोतं कामाला येत नाही. आणि तळाशी उरलेल्या डबक्यातच देशी माशांचं पुढच्या वर्षीचं बी असतं.

मासे घ्यायचे तर

तलावात गळ टाकून बसायचा मोह होईल. संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नका. ठेक्याचे पैसे त्यांनी भरलेले असतात, पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, त्यांनी सोडलेली असते. विचारलं तर बहुतेक कुणी नाही म्हणत नाही.

विकत घ्यायचे असतील तर सकाळी लवकर पाळीवर जा. ढिवर डोंग्यातून येतात. डोंगा म्हणजे झाडाच्या खोडातून कोरलेली अरुंद नाव, अजूनही काही तलावांवर दिसते. रात्री लावलेलं जाळं ते हातावर गोळा करत येतात, आणि काठावर बसून घरची बाईमाणसं एकेक मासा फासातून सोडवतात. डोकं मागं ढकलून, कल्ल्यात अडकलेला धागा नखानं उचलून. मासा फाटू नये, धागाही तुटू नये. हे काम चाललं असताना घाई करू नका. रोहू, कतला, मृगळ किलोवर मिळतात. बारीक देशी मासळी आणि झिंगे वाट्यानं. मरळ आणि मागूर मिळाले तर घ्या, ते महाग असतात पण चवीला त्यांची सर नाही. ताजेपणा पाहायचा तर कल्ला उचलून पाहा, लालभडक हवा.

पाणी उथळ झालं की आणखी एक गोष्ट दिसेल. सूर्य उगवायच्या आधी मासे पृष्ठभागावर तोंड काढून घोट घेताना दिसतात, शेकडोंनी. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू घेतात, देत नाहीत. त्यातच पाण्यात कुजलेला पाला असला तर पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपत येतो. ऊन चढल्यावर मासे खाली गेले तर काळजी नाही. गेले नाहीत, किंवा कुशीवर पडलेले दिसू लागले, तर संस्थेच्या माणसाला लगेच फोन करा. जाळं ओढून मासे काढायला त्यांच्याकडं तेवढाच वेळ असतो. मेलेले मासे गोळा करून घरी आणू नका.

चिखलात उतरण्याआधी

उघडा पडलेला तळ वरून वाळून तडकलेला दिसतो. खाली दोन हात लोण्यासारखा गाळ असतो. दरवर्षी गुरं रुततात, कधी माणसंही. जिथं म्हशींच्या खुरांचे ताजे ठसे आहेत तिथूनच चाला, हातात लांब काठी ठेवा, लहान मुलांना एकटं सोडू नका. पाय रुतला तर जोर लावून सरळ वर ओढू नका. मागं बसते व्हा, काठी आडवी टाकून तिच्यावर भार द्या आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. कमळाच्या देठांच्या जाळीत पोहू नका, पट्टीचे पोहणारेही त्यात अडकतात.

काठावर काळ्या रबरी वायरी दिसल्या तर त्या पंपाच्या असतात. जोड उघडे असतात, ओल्या मातीत त्यांना पाय लावू नका. तसंच रात्री बांध्यांमधून चालताना शेताभोवतीची तार ओलांडू नका. रानडुकरांसाठी काही जण तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदा आहे, आणि त्यानं माणसं मेली आहेत. टॉर्च घ्या, पायवाट सोडू नका.

घाट कोणता कुणासाठी आहे हे बायकांकडून समजून घ्या. बायकांच्या आंघोळीच्या, धुण्याच्या जागेकडं पुरुषांनी सकाळी फिरकायचं नाही, मोबाइल काढून फोटो तर अजिबात नाही. दहाव्याचे विधीही तलावावरच होतात. डोकी भादरून बसलेली माणसं दिसली तर दुसऱ्या वाटेनं जा.

पाखरं जायच्या आत पाहून घ्या

हिवाळ्यात आलेली बदकं फाल्गुनात परतीला लागतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून मध्य आशियातून आलेले असतात. त्यांच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवायही दिसतात. दिवसा पाण्यावर विसावतात आणि संध्याकाळी लाखोरीच्या, हरभऱ्याच्या शेतांत चरायला जातात. तलवार बदक, लालसरी हेही याच दिवसांत थव्यानं गोळा होतात. एक दिवस पाणी पाखरांनी भरलेलं दिसतं, दुसऱ्या दिवशी रिकामं. वारकरी मात्र मागं रेंगाळतो. अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी इथलेच, ते राहतात.

गोंदिया जिल्ह्यात असाल तर सारस पाहायला मिळू शकतो. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो जवळपास याच जिल्ह्यात, आणि संख्या मोजकीच आहे. माणसाच्या उंचीचा पक्षी, लाल डोकं, जोडीनं चालणारा. उन्हाळी धानाच्या बांधीत किंवा उतरलेल्या काठावर दिसला तर लांबच थांबा. जवळ जाऊन फोटो काढायच्या नादात तो उडाला की तासभर परत येत नाही. ज्या शेतात तो उतरतो त्या शेतकऱ्याशी बोला. धान तुडवला जात असूनही त्याला हाकलत नाहीत अशी माणसं इथं आहेत, त्यांचं ऋण आपल्यावर आहे.

मोह पडायला लागला की

होळीच्या आसपास तलावामागच्या रानात मोहाची फुलं गळायला लागतात. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत सडा पडतो, आणि आख्खी घरं टोपल्या घेऊन झाडांखाली असतात. ही झाडं कागदावर कुणाचीही असोत, कोणत्या झाडाखाली कोणतं घर वेचतं हे ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालची ओंजळभर फुलंही उचलू नका. सोबत जायचं असेल तर कुणाच्या घरच्यांबरोबर जा, वेचू लागा. फुलं अंगणात वाळायला टाकली की चार दिवस सगळ्या गल्लीला तो गोडसर, जड वास असतो.

रानात एकट्यानं जाऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या भागात पहाटे मोह वेचताना वाघानं माणसं मारल्याच्या घटना घडल्या आहेत. वाकून बसलेला माणूस वाघ-बिबट्याला जनावरासारखा दिसतो. अस्वल मोहाच्या वासानंच येतं, आणि अचानक समोर आलं तर पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. उजाडल्यावर निघा, तिघं-चौघं मिळून जा, बोलत राहा, एक जण उभा राहून पाहत असावा. जनावर दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आणि फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची पद्धत आहे, त्यात सामील होऊ नका. तीच आग रानभर पसरते. झाडून घ्या, नाहीतर जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा.

सण, नाटक आणि ताट

महाशिवरात्रीला गडचिरोलीत वैनगंगेकाठी मार्कंड्याची जत्रा भरते, जमलं तर जा. झाडीपट्टीच्या, म्हणजे याच पट्ट्यातल्या, नाटकांचा हंगाम याच सुमारास सरत येतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. दुपारी कितीही ऊन असलं तरी पहाटे तलावावरून गार वारा येतो, अंगावर घ्यायला शाल ठेवा. नाटकाला कुणी बोलावलं तर टाळू नका, गावाच्या ओळखीला याहून चांगली रात्र मिळायची नाही.

शिमग्याला पळसाच्या फुलांचा रंग करा. फुलं रात्री पाण्यात उकळून ठेवली की सकाळी केशरी रंग तयार. बाजारातले रासायनिक रंग लावून तलावात उड्या मारू नका. उतरलेल्या पाण्यात तो रंग विरत नाही, आणि तेच पाणी गुरं पितात.

जेवणात भात असणारच, दोन्ही वेळा. त्याच्याबरोबर जवसाची चटणी, बारीक मासळीचा रस्सा, लाखोरीचं वरण. लाखोरीची डाळ रोज आणि नुसती तीच खाऊ नये, त्यानं पायांची ताकद जाऊ शकते. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून मग शिजवा, आणि अधूनमधूनच खा.

तब्येतीचं

तलावाचं पाणी प्यायचं नाही. नळाचं, हातपंपाचं किंवा उकळून गार केलेलं प्या. मच्छरदाणी लावून झोपा. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे आणि तो डासांमुळं होतो. आरोग्य कर्मचारी किंवा आशाताई गोळ्या घेऊन घरी आल्या तर "मला काही झालं नाही" म्हणून परत पाठवू नका. त्या गोळ्या बरं वाटत असतानाच घ्यायच्या असतात. उपाशीपोटी मात्र नाही.

ऊन तापू लागलं की साप हिवाळ्यातल्या बिळांतून बाहेर पडतात. तणसाच्या ढिगात, सरपणात हात घालण्याआधी काठीनं हलवून पाहा. चावलाच तर चिरा पाडणं, दोरी आवळणं, मांत्रिकाकडं नेणं, यात वेळ घालवू नका. हातपाय हलवू न देता १०८ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालयात न्या.

पाडव्याच्या आधी

पाणी उतरलंय, तळ दिसतोय, अशा वेळीच तलावाची कामं ठरवायची असतात. पावसाळा तोंडावर आल्यावर मशीन मिळत नाही. आमसभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. यंदा गाळ काढायचा का? गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७पासून आहे, गाळ शेतकऱ्याला आपल्या शेतात नेता येतो. कुठून काढायचा? सगळा तळ सारखा खरवडला तर पाणवनस्पती आणि त्यात वाढणारे मासे दोन्ही जातात, म्हणून जागा ढिवरांना विचारूनच ठरवायला हवी. पाळीची माती तर काढायचीच नाही. तिसरा प्रश्न बेशरम नावाच्या झुडपाचा. ही गुलाबी फुलांची झुडपं काठ गिळत चालली आहेत, गुरं ती खात नाहीत. कोयत्यानं वरून छाटलं तर पंधरा दिवसांत पुन्हा फुटतात, मुळासकट खणून वाळवावी लागतात, ओल्या चिखलात फेकलेली काडीही रुजते. त्यासाठी माणसं आणि दिवस ठरवून घ्या. भंडारा, गोंदियातल्या काही गावांत ढिवर बायांच्या गटांनी हे काम हातानं करून दाखवलंय, मोकळ्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. तुमच्या गावात असा गट असेल तर फावडं घेऊन त्यांच्याबरोबर उतरा, आणि तुमच्या काडीचे आकडे सोबत न्या.